प्रबंध लिहिताना संदर्भांची व्यवस्था: पहिल्या नोंदीपासून छापील सूचीपर्यंत

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली, की अनेक संशोधकांचे शेवटचे आठवडे संदर्भ शोधण्यात जातात. अवतरण वहीत आहे, पण पृष्ठक्रमांक नाही. ग्रंथाचे नाव आहे, पण कोणती आवृत्ती वापरली ते आठवत नाही. एकाच लेखकाचे नाव पहिल्या प्रकरणात एका तऱ्हेने आणि चौथ्या प्रकरणात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आहे. ज्या वेळात आपला युक्तिवाद पुन्हा एकदा तपासायला हवा, तो वेळ ग्रंथालयाच्या फेऱ्या खातात. याचे वाईट वाटते, कारण हा त्रास टाळता येतो.

त्यासाठी एक नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा. संदर्भाची माहिती एकाच ठिकाणी ठेवायची आणि तिच्यातली दुरुस्तीही तिथेच करायची. प्रबंधाच्या फाइलमध्ये संदर्भ हाताने टाइप करायचा नाही आणि तिथे दिसलेली चूक तिथल्या तिथे सुधारायची नाही. मूळ नोंद सुधारायची, म्हणजे जिथे जिथे तो ग्रंथ आला आहे तिथे सगळीकडे सुधारणा होते.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांत मराठीतून पीएच.डी.चे लेखन करणारे संशोधक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. संदर्भ-व्यवस्थापनाची बहुतेक साधने रोमन लिपीतल्या ग्रंथांसाठी घडली आहेत. आपल्या ग्रंथांच्या अडचणी वेगळ्या असल्यामुळे जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

साधन कोणते घ्यावे

माझी शिफारस झोटेरोची आहे. त्यात ग्रंथांच्या नोंदी साठवायच्या, म्हणजे त्यांवरून प्रबंधात संदर्भ आणि सूची आपोआप घालता येतात. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये ते आणले. ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. वर्ड, लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स यांना ते जोडता येते. मेंडले, एंडनोट ही नावेही कानावर येतील. विद्यापीठाने एंडनोटचा परवाना घेतला असेल, तर पदवी मिळाल्यावर तो आपल्याकडे राहणार का, हे आधी विचारून घ्या. प्रबंध पुढे ग्रंथरूपाने येतो, त्यातून लेख निघतात. नोंदी दहा वर्षांनीही उघडता आल्या पाहिजेत आणि दुसऱ्या साधनात नेता आल्या पाहिजेत. निवड करताना मी सर्वांत जास्त वजन या गोष्टीला देईन.

विज्ञान किंवा गणितातले संशोधक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितात. त्यांच्यासाठी बिबटेकची, म्हणजे लाटेकला लागणाऱ्या संदर्भांची, फाइल थेट सांभाळणारे जॅबरेफ हे चांगले, फुकट साधन आहे. झोटेरोतूनही ते काम होते; लाटेकविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

उभारणी आणि पहिली चाचणी

झोटेरो संगणकावर उतरवा. ब्राउझरसाठी त्याचा कनेक्टर (वेबपानावरून नोंद उचलणारा जोड) वेगळा घ्यावा लागतो, तोही बसवा. झोटेरोच्या संकेतस्थळावर खाते उघडून सिंक चालू करा. नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. फाइलींसाठी मात्र ३०० एमबी जागा फुकट मिळते आणि स्कॅन केलेल्या दोन-चार जुन्या ग्रंथांतच ती संपते. त्यामुळे सेटिंगमध्ये फाइलींचे सिंक बंद ठेवून फक्त नोंदींचे चालू ठेवा. पीडीएफच्या प्रती बाहेरच्या हार्डडिस्कवर वेगळ्या ठेवता येतात.

इथे एक धोका सांगायलाच हवा. झोटेरोचे सगळे काम संगणकावरच्या 'झोटेरो' नावाच्या एका फोल्डरमध्ये असते. 'सुरक्षित राहील' म्हणून हा फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये, गुगल ड्राइव्हमध्ये किंवा वनड्राइव्हमध्ये हलवू नका. आतली डेटाबेस फाइल उघडी असताना अशी सेवा तिची प्रत करायला गेली, तर फाइल बिघडू शकते. दर आठवड्याला झोटेरो बंद करायचे आणि पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करायचा, ही सवय पुरेशी आहे. सिंक आहे म्हणून बॅकअप नको, असेही समजू नका. चुकून पुसलेली नोंद सिंकमुळे दुसऱ्या संगणकावरूनही पुसली जाते.

मग दहा नोंदींची एक चाचणी करा. ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि पुढे त्याची किंमत मोजतात. दहाही नोंदी वेगवेगळ्या प्रकारच्या निवडा: एक साधा मराठी ग्रंथ, एक संपादित ग्रंथातला लेख, एक अनुवाद, एक दिवाळी अंकातला लेख, एक वृत्तपत्रातली बातमी, एक अप्रकाशित प्रबंध, एक दफ्तरातले पत्र, एक मुलाखत, एक इंग्रजी ग्रंथ, एक संकेतस्थळ. वर्डमध्ये कोरी फाइल घेऊन दहाही संदर्भ द्या, सूची काढा आणि तो कागद आपल्या गाइडना दाखवा. विद्यापीठाची संदर्भपद्धती, गाइडचा आग्रह आणि साधनाची मर्यादा या तिन्हींचा मेळ बसतो का, ते या एका कागदावर कळते.

चाचणीत एक गोष्ट बारकाईने पाहा. देवनागरीतले आडनाव आणि नाव यांच्यामध्ये स्वल्पविराम व मोकळी जागा नीट येते का? नावे जोडून आली, तर आडनाव-नावाचे दोन रकाने न वापरता एकाच रकान्यात 'फुले, जोतीराव' असे पूर्ण लिहिण्याचा मार्ग आहे. नावाच्या रकान्याशेजारच्या बटणाने दोनाचा एक रकाना होतो. तळटीपांच्या पद्धतीत हे खपून जाते. कंसात आडनाव आणि वर्ष देण्याच्या पद्धतीत मात्र तिथे पूर्ण नाव येईल. म्हणून हा निर्णय दहा नोंदींवरच घ्या, चारशे झाल्यावर नको.

नोंद ग्रंथ हातात असताना करायची

मुखपृष्ठावरून नोंद करू नका. आतले शीर्षकपृष्ठ उघडा आणि त्याच्या मागची बाजू पाहा. प्रकाशक, गाव, आवृत्ती, पुनर्मुद्रणाचे वर्ष हे सगळे तिथे असते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात बसला असाल आणि फोटोची परवानगी असेल, तर या दोन पानांचा फोटो काढून नोंदीलाच जोडून ठेवा. पुढे शंका आली की पुण्याची किंवा मुंबईची फेरी वाचते.

अलीकडच्या ग्रंथांना आयएसबीएन असतो. तो झोटेरोत टाकला की माहिती आपोआप येते, पण मराठी ग्रंथांच्या बाबतीत ती बहुधा रोमन लिपीत आणि बऱ्याचदा अर्धवट येते. ती तशीच ठेवू नका. शीर्षकपृष्ठाप्रमाणे देवनागरीत लिहा. १९७० च्या आधीच्या ग्रंथांना हा क्रमांकच नसतो, कारण त्याचे आंतरराष्ट्रीय मानक त्या वर्षी आले. म्हणजे आपल्या विषयातली महत्त्वाची साधने हातानेच नोंदवावी लागतात. एका नोंदीला पाच मिनिटे लागतात आणि ती द्यावीत.

लेखकाचे नाव हा मराठी नोंदींतला सर्वांत नाजूक भाग. जोतीराव फुले, ज्योतिराव फुले, जोतीराव गोविंदराव फुले, महात्मा फुले, महात्मा जोतीबा फुले ही एकाच माणसाची नावे आहेत हे आपल्याला कळते, संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी हे पाच लेखक आहेत आणि सूचीत ते पाच ठिकाणी विखुरतात. म्हणून एक रूप ठरवा आणि ते सर्वत्र ठेवा. एखाद्या विशिष्ट आवृत्तीवर वेगळे रूप छापले असेल आणि तुमच्या मांडणीला ते महत्त्वाचे असेल, तर 'एक्स्ट्रा' या रकान्यात लिहून ठेवा. महात्मा, डॉ., प्रा., पं., लोकमान्य ही बिरुदे आणि पदव्या नावाच्या रकान्यात घालू नका.

आद्याक्षरांचाही एकच नियम करा. 'वि. का.' लिहायचे की 'वि.का.' की 'विश्वनाथ काशीनाथ', हे आधी ठरवा. शैलीच्या (संदर्भ कसे छापायचे हे ठरवणाऱ्या फाइलच्या) सेटिंगमधून आद्याक्षरे आपोआप काढून घेण्याच्या फंदात पडू नका. ती सोय रोमन लिपीसाठी आहे आणि आपल्या 'वि'मध्ये वेलांटीही असते. शीर्षकपृष्ठावर आहेत तशी आद्याक्षरे स्वतःच लिहा.

टोपणनावाचा प्रश्न येणारच. विष्णु वामन शिरवाडकरांची कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आहे आणि नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने. वाचकाला ग्रंथालयात तो ग्रंथ ज्या नावाने मिळेल, तेच नाव नोंदीत असावे, असे माझे मत आहे. दोन्ही नावे एकाच लेखकाची आहेत हे सांगायला प्रबंधात एक टीप पुरते. झोटेरोत अशा नोंदी 'रिलेटेड' या सोयीने एकमेकींना जोडून ठेवता येतात. तुकाराम, ज्ञानेश्वर, जनाबाई अशी आडनावाशिवायची नावे एकाच रकान्यात लिहावीत. संस्था, मंडळे आणि शासनाचे विभाग यांनाही हेच लागू आहे, नाहीतर 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' हे नाव उलटसुलट होऊन 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' असे छापले जाते.

वर्षाच्या रकान्यात इंग्रजी आकडे टाका. झोटेरो वर्ष ओळखते, त्यावरून क्रम लावते, ते इंग्रजी आकड्यांवरूनच. देवनागरी आकडे शेवटच्या प्रतीत करता येतात.

जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा शके असतात. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी सन मिळते, आणि १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८२० म्हणजे १८९८–९९. ग्रंथावर महिना दिला असेल, तर एकच वर्ष ठरवता येते. तारीख मार्गशीर्ष-पौषातली असेल, तर जंत्री पाहूनच ठरवा, कारण नवे इंग्रजी वर्ष त्याच सुमारास लागते. महिना नसेल, तर दोन्ही वर्षे द्या. मूळ शक 'एक्स्ट्रा'मध्ये जसाच्या तसा लिहायला विसरू नका. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर शुहूर सन असतो, तोही तसाच उतरवून घ्यावा. आपण केलेले रूपांतर चुकू शकते, आणि परीक्षकाला मूळ पाहायचे असेल तर ते समोर हवे.

पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि आपण वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष यांची गल्लत फार होते. फुल्यांचा 'गुलामगिरी' १८७३ चा. आपण तो समग्र वाङ्मयाच्या पुढच्या काळातल्या एखाद्या आवृत्तीतून वाचतो आणि पृष्ठक्रमांक त्या आवृत्तीचे असतात. तारखेच्या रकान्यात वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष टाकायचे. 'एक्स्ट्रा'मध्ये नव्या ओळीवर इंग्रजीत 'ओरिजिनल डेट' लिहून, अपूर्णविराम देऊन, पुढे मूळ वर्ष लिहायचे. ज्या शैलींत मूळ वर्ष दाखवण्याची सोय आहे, त्या ते उचलतात.

दुसऱ्याच्या ग्रंथाला लिहिलेली प्रदीर्घ प्रस्तावना ही आपल्याकडे अनेकदा स्वतंत्र अभ्यासाच्या तोलाची असते. तिचा संदर्भ देताना 'बुक सेक्शन' हा प्रकार घ्या. लेखक म्हणून प्रस्तावनाकाराचे नाव द्या आणि मूळ ग्रंथकर्त्यासाठी 'बुक ऑथर' ही भूमिका निवडा. असे केले नाही, तर प्रस्तावनाकाराचे विधान ग्रंथकर्त्याच्या नावावर जाते आणि ही चूक गंभीर आहे. दिवाळी अंकातल्या लेखाला 'मॅगझिन आर्टिकल' घेऊन अंकाच्या रकान्यात 'दिवाळी अंक' लिहावे. दफ्तरखान्यातल्या कागदासाठी 'मॅन्युस्क्रिप्ट' किंवा 'लेटर' घ्या. 'आर्काइव्ह' या रकान्यात पुराभिलेखागाराचे नाव लिहा, आणि त्यापुढच्या स्थानाच्या रकान्यात विभाग, खंड, रुमाल (कागदांचे गाठोडे), फाइल क्रमांक या क्रमाने लिहा. हा क्रम सगळ्या नोंदींत सारखा ठेवा.

दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरे

'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हेने टाइप होते. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरे, 'अ' टाइप करून त्यावर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. मोबाइलवर एक रूप आणि संगणकावर दुसरे रूप वापरले, तर 'ॲडम' शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत आणि सूचीत त्या दोन ठिकाणी पडतात. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतला अर्धा 'ऱ' असाच दोन प्रकारे साठवला जातो. उपाय साधा आहे: सर्व नोंदी एकाच कीबोर्डवरून करा. आधीच घोळ झाला असेल, तर झोटेरोच्या शोधपट्टीत दोन्ही रूपे आळीपाळीने टाकून नोंदी सुधारून घ्या.

जुन्या फाँटांचा प्रश्न याहून मोठा. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फाँटांत अक्षरजुळणी झालेल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता हाती येतो. अशा फाइलींतून झोटेरोला शीर्षक किंवा लेखक ओळखता येत नाही, त्यामुळे नोंद हातानेच करावी लागते. आतला मजकूर शोधता यावा असे वाटत असेल, तर ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणे) करून घ्या. टेसरॅक्ट या फुकट साधनात मराठी आहे. गुगल ड्राइव्हवर ठेवलेली स्कॅन फाइल गुगल डॉक्समध्ये उघडली तरीही मजकूर मिळतो. अवतरण घेताना मात्र ओसीआरवर भरवसा नको. प्रत्येक अक्षर पानाशी ताडून पाहा.

इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेले पुष्कळ जुने मराठी ग्रंथ आहेत. हा ठेवा अमूल्य आहे, पण त्यांची शीर्षके आणि लेखकांची नावे तिथे अनेकदा विचित्र रोमन रूपात आहेत. कनेक्टरने ती नोंद घ्या, पीडीएफ जोडा आणि लगेच स्कॅनमधले शीर्षकपृष्ठ पाहून सगळे रकाने पुन्हा लिहा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहावरून घेतलेल्या प्रबंधांनाही हेच लागू. प्रकार 'थीसिस' आहे का, विद्यापीठाचे नाव त्या वेळचे आहे का, वर्ष सादर केल्याचे आहे की अपलोड केल्याचे, ते तपासा.

टिपणे आणि अवतरणे

झोटेरोमध्ये २०२२ पासून पीडीएफ वाचण्याची सोय आतच आहे. वाचताना रंगाने खूण केली, की तो मजकूर आणि पृष्ठक्रमांक एकत्र साठतो. नंतर खुणांवरून टिपण तयार करता येते आणि ते वर्डमध्ये संदर्भासह घालता येते. इथे पृष्ठक्रमांकाकडे लक्ष हवे. स्कॅनमधले पंचविसावे पान छापील पुस्तकातले सतरावे असू शकते. झोटेरो कोणता आकडा घेत आहे ते पहिल्याच खुणेला पाहा, चुकत असेल तर त्या खुणेचा पृष्ठक्रमांक बदला.

छापील पुस्तकातून टिपण घेताना तीन गोष्टी दिसायलाही वेगळ्या ठेवा: लेखकाचे शब्द, आपण केलेला त्यांचा सारांश आणि आपले स्वतःचे मत. लेखकाचे शब्द नेहमी अवतरणचिन्हांत लिहा आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी टाका. सारांशाची सुरुवात 'सारांश:' ने करा, आपल्या विचाराची 'माझे:' ने. दोन वर्षांनी तेच टिपण उघडले, की कोणते वाक्य कोणाचे हे आठवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही. योग्य श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. त्यापलीकडच्या साम्यासाठी दुरुस्ती करून पुन्हा सादर करण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत टप्पे आहेत. प्रामाणिक संशोधकावर ही वेळ बहुतेकदा टिपणातल्या गोंधळामुळे येते.

कलेक्शन म्हणजे नोंदींचे कप्पे. ते प्रकरणांप्रमाणे करा. एक नोंद कितीही कप्प्यांत ठेवता येते, तिची दुसरी प्रत होत नाही. टॅग मात्र मोजकेच ठेवा. मला चार पुरेसे वाटतात: 'मिळवायचे', 'वाचले', 'पुन्हा पाहायचे' आणि 'नोंद तपासली'. शेवटचा टॅग सर्वांत उपयोगी. शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहिलेल्या नोंदीलाच तो द्या.

वर्डमध्ये संदर्भ देताना

झोटेरो बसवले की वर्डमध्ये त्याची पट्टी येते. संदर्भाचे बटण दाबा, लेखकाचे नाव टाइप करा, नोंद निवडा, नोंदीच्या नावावर क्लिक करून पृष्ठक्रमांक द्या. 'पाहा:' किंवा 'उद्धृत' असे शब्द जोडायचे असतील, तर त्याच खिडकीत त्यांच्यासाठी जागा आहे. संदर्भ उमटल्यावर त्याच्या मजकुरात हात घालू नका. तुम्ही केलेला बदल पुढच्या रिफ्रेशमध्ये जाईल, किंवा तो राखायचा ठरवला तर तो संदर्भ अद्ययावत होणे थांबेल.

आता शैलीकडे. तयार शैली हजारोंनी आहेत. पण मराठी प्रबंधात इंग्रजी शैली लावली, की 'आयबिड', 'एडिटेड बाय', 'पीपी' असे शब्द देवनागरी मजकुरात घुसतात आणि मग संशोधक ते हाताने बदलत बसतात. त्याची गरज नाही. शैलीची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो आणि नोटपॅडमध्ये उघडतो. तुमच्या विद्यापीठाच्या पद्धतीला सर्वांत जवळची शैली घ्या, तिची प्रत करा आणि प्रतीचे शीर्षक व ओळखक्रमांक दोन्ही बदला. हे न बदलल्यास मूळ शैलीच्या अद्ययावत आवृत्तीखाली तुमचे बदल पुसले जातील. मग फाइलमधल्या 'लोकॅल' विभागात आपले शब्द भरा: 'तत्रैव', 'संपा.', 'अनु.', 'पृ.', 'आणि', 'व इतर', 'आवृत्ती'. असा विभाग नसेल, तर ज्या शैलीत तो आहे तिच्यातून उचलून घ्या. संगणक जाणणाऱ्या मित्राला सोबत बसवलेत, तर एका संध्याकाळचे हे काम आहे, आणि पुढच्या शेकडो तळटीपा आपोआप मराठीत येतात. एखाद्या विभागाने अशी शैली एकदा करून आपल्या सर्व विद्यार्थ्यांना दिली, तर ती मोठी सेवा ठरेल.

आपल्याकडे प्रकरणाच्या शेवटी 'संदर्भ व टिपा' देण्याची पद्धत आहे. त्यासाठी तळटीपांची शैली निवडा, झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये तळटीपांऐवजी एंडनोट (म्हणजे शेवटी येणाऱ्या टिपा) करा, आणि वर्डमध्ये प्रत्येक प्रकरण वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून टिपा सेक्शनच्या शेवटी येतील असे सांगा. क्रमांक प्रत्येक प्रकरणात एकपासून सुरू करण्याची सोयही तिथेच आहे.

फाइल शंभर पानांपुढे गेली, की प्रत्येक नव्या संदर्भाला वर्ड रेंगाळू लागते. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये संदर्भ आपोआप अद्ययावत करण्याची खूण काढून टाका. नवे संदर्भ तुटक अधोरेखित दिसतील. दिवसअखेर रिफ्रेश दाबले की सगळे जागेवर येते. प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत लिहिली तरी चालते, पण सर्वांत एकच शैली असू द्या. जोडताना जिवंत, म्हणजे झोटेरोशी दुवा असलेल्या, संदर्भांसह कॉपी-पेस्ट करून एका फाइलीत आणा.

दोन गोष्टींची विशेष काळजी घ्या. एकच ग्रंथ दोनदा नोंदला गेला असेल, तर एक नोंद पुसू नका. 'डुप्लिकेट आयटेम्स'मध्ये जाऊन दोन्ही मर्ज करा. मर्ज केल्यास प्रबंधातले दुवे टिकतात. पुसल्यास त्या नोंदीला जोडलेले संदर्भ पोरके होतात. संगणक बदलताना नोंदी एक्सपोर्ट करून पुन्हा इंपोर्ट करू नका, तेव्हाही दुवे तुटतात. नव्या संगणकावर त्याच खात्याने सिंक करा किंवा जुना फोल्डर पूर्ण उचलून न्या.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी फाइल त्याच्या स्वतःच्या ओडीटी प्रकारातच जतन करावी. गाइड वर्डमध्ये वाचत असतील, तर त्यांना पीडीएफ पाठवा. फाइल कायमची वर्डमध्ये न्यायची झाल्यास डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जाण्याचे बटण आहे, तोच मार्ग घ्या.

लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी

नोंदी झोटेरोतच ठेवा आणि बेटर बिबटेक हे पूरक साधन बसवा. ते प्रत्येक नोंदीला एक संक्षिप्त ओळख देते आणि फाइल आपोआप ताजी ठेवते. ती ओळख रोमन अक्षरांत असावी आणि एकदा वापरली की बदलू नये. देवनागरीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक, बिबलाटेक आणि त्याच्या जोडीला बिबर असा संच घ्या. जुने बिबटेक युनिकोड नीट हाताळत नाही. बिबलाटेकमध्ये नोंदींच्या कीवर्डवरून मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके अशा वेगळ्या सूची थेट काढता येतात. वर्डमध्ये ही सोय नाही, तिथे थोडे हाताने काम करावे लागते.

शेवटचा महिना

प्रथम 'नोंद तपासली' हा टॅग नसलेल्या नोंदी शोधा आणि एकेक ताडून पाहा. मग प्रबंधाची पूर्ण सूची काढून कागदावर छापा आणि शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. एकच नाव दोन रूपांत, प्रकाशकाचे गाव गायब, वर्षाच्या जागी भलतेच काही, हे कागदावर चटकन दिसते. चूक सापडली की झोटेरोत सुधारा आणि रिफ्रेश करा. या टप्प्यावर घाईने फाइलमध्येच हात घालण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. तो आवरा.

सगळे तपासून झाले की फाइलची प्रत करा. मूळ फाइलला 'जिवंत' आणि प्रतीला 'सादर' असे नाव द्या. पुढची कामे फक्त प्रतीत करायची. त्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' दाबा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतात. मग सूचीचे भाग पाडा: प्राथमिक साधने, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध, मुलाखती, संकेतस्थळे, किंवा तुमच्या विद्यापीठाचा जो क्रम असेल तो. वर्णक्रमही पाहा. संगणक 'क्षीरसागर' बहुधा 'क'मध्ये आणि 'ज्ञानेश्वर' 'ज'मध्ये टाकतो, तर मराठीतल्या अनेक कोशांत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. दोन्ही चालतील, पण गाइडना विचारून एकच क्रम ठेवा. देवनागरी आकडे हवे असतील तर बदल इथेच करा, आणि ते करताना संकेतस्थळांचे पत्ते व आयएसबीएन यांतले आकडे बदलणार नाहीत हे पाहा.

परीक्षकांचे अहवाल आल्यावर, मौखिकीनंतर दुरुस्त्या सांगितल्या जातात. एखादा संदर्भ वाढवायचा असतो, एखादी आवृत्ती तपासायची असते. त्या 'सादर' प्रतीत न करता 'जिवंत' फाइलमध्ये करा, आणि वरची शेवटची कामे नव्या प्रतीवर पुन्हा करा. पुढे हाच प्रबंध प्रकाशकाकडे ग्रंथ म्हणून जाईल, तेव्हा त्याची संदर्भपद्धती वेगळी असेल. 'जिवंत' फाइल उघडून शैली बदलली की सगळे संदर्भ नव्या पद्धतीत येतात, आणि सूचीचे भाग पाडणे तेवढे हाताने करायचे उरते.